धाकट्याचा हात

मी टोनआर्म तपासतो. म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवरची ती लांब दांडी, जिच्या टोकाला सुई असते. आमच्या धंद्यात तिला सरळ ‘हात’ म्हणतात. ‘सध्या कुणाचा हात वाजवताय?’ असं आम्ही एकमेकांना विचारतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतात. एकोणीस वर्षं मी एका मासिकात हातांबद्दल लिहितोय. माझ्या दोन ओळींवर हात खपतात, नाहीतर बनवणाऱ्याच्या कपाटात पडून राहतात. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच.

या कामात एक रडगाणं कायम ऐकू येतं. वाईट लिहिलं की बनवणारा फोन करतो, ‘साहेब, तुम्ही हात बसवायलाच चुकलात.’ कधीकधी ते खरंही असतं. सुई केसभर कलली तरी भारीतला भारी हात पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. म्हणून प्रत्येक हात मी स्वतः बसवतो, तीनदा मोजतो, वहीत आकडे लिहितो. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात तो त्या वहीमुळे.

त्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. “सर, नवीन हात पाठवलाय. बनवणाऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. हा पहिलाच आहे त्याचा. तुम्ही बरं लिहिलंत तर उभा राहील बिचारा.”

खोकं आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता मी दोनदा वाचला. बिचारा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ.

नात्यातल्या माणसाचं काम तपासायचं नाही, हा नियम मीच मासिकात लावून घेतला होता. तेव्हाच फोन उचलून ‘मला नको’ म्हणायला हवं होतं. मी कात्री आणायला गेलो.

आमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ‘धाकट्याला हात आहे, थोरल्याला तोंड आहे,’ असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं, धाकटा लाजायचा, मीही दात काढायचो. चाळीस वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. तिशीत मी गुपचूप एक हात बनवून पाहिला होता. तो कसा वाजला ते सांगण्यासारखं नाही.

सोमवारी सकाळी मी धाकट्याचा हात प्रामाणिकपणे बसवला. सुईखाली छोटा आरसा ठेवला. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आलं, म्हणजे ती खाचेत ताठ उभी आहे. मग माझी नेहमीची रेकॉर्ड लावली. एक बाई, एक तंबोरा, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेला आवाज. ही रेकॉर्ड मी हजार वेळा ऐकली असेल. त्या सकाळी तिसऱ्या ओळीच्या आधी मला ती बाई आवंढा गिळताना ऐकू आली.

इतकी वर्षं तो आवंढा तिथेच होता. माझ्या एकाही हाताने तो उचलला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता जळफळाट झाला. मेला कुठला! शाळेत नापास होणारा, वर बघून न बोलणारा आमचा धाकटा!

दांडीच्या बुंध्याशी एक बारीक स्क्रू होता. मंगळवारी मी माझी दीड एमेमची ॲलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची सहा कोनांची किल्ली, घेतली आणि तो पाव फेरा फिरवला. आरशात सुई कललेली दिसली. आवाज डावीकडे सरकला, आवंढा गेला. मी वहीत लिहिलं: ‘मधला आवाज ठाम राहत नाही.’ कोण सिद्ध करणार? ते रडगाणं तर सगळेच गातात.

बुधवारी सकाळी आरसा ठेवला. सुई ताठ उभी.

स्क्रू सैल असेल, असं मी स्वतःला समजावलं. मला तर बरंच वाटलं, आणखी एक दोष मिळाला. पुन्हा पाव फेरा दिला, जरा जास्तच. त्या दुपारी माझ्या हातून चहा सांडला. कप मी सरळच धरला होता.

“अहो, लक्ष कुठंय?” बायको म्हणाली.

ती माझ्या समोर उभी होती. आवाज मात्र डावीकडून आला, खिडकीच्या बाजूने. मी खिडकीकडे बघितलं.

“इकडे आहे मी,” ती म्हणाली.

गुरुवारी सुई पुन्हा ताठ. मी अर्धा फेरा दिला. कुरिअरवाला आला, त्याच्या कागदावर मी सही केली. तो म्हणाला, “साहेब, सही पार खाली चाललीय की.” त्याचाही आवाज डावीकडून. उजव्या मनगटात काहीतरी आवळल्यासारखं वाटत होतं. वय झालं, म्हटलं, आणि मनगटावर मलम चोळलं.

शुक्रवारी मी पूर्ण फेरा दिला. वहीत दोषांचं पान भरलं, लेखाचा पहिला परिच्छेदही लिहून झाला. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, इतकं ते मला आवडलं होतं: ‘बनवणाऱ्याने दुसरा उद्योग शोधावा.’

शनिवारी दुपारी दारात धाकटा उभा. संपादकबाईंनी त्याला सांगितलं होतं, हात कुणाकडे गेलाय ते.

“दादा, मला वाटलं मासिकात दुसरं कुणी तपासेल, नाहीतर पाठवलाच नसता रे. तुला अडचणीत टाकलं.” तो खाली बघत म्हणाला. “वाईट असेल तर वाईटच लिही. फक्त बसवलास कसा, तेवढं बघू?”

मी बाजूला सरकलो.

तो टेबलापाशी वाकला. आरसा ठेवला. बघतच राहिला.

“माझ्याकडून निघाला तसाच आहे,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. “केसभरही हलवला नाहीस. मला वाटलं होतं... जाऊ दे. माफ कर, दादा.”

मला ते सहन झालं नाही. “हलवलाय,” मी म्हणालो. “चार दिवस हलवतोय. तो स्क्रू फिरवून.”

“कुठला स्क्रू?”

“बुंध्याशी आहे तो.”

“बुंधा आणि दांडी एकाच तुकड्यातून कातलीय. तिथे स्क्रू नाही, दादा.”

मी वाकून बघितलं. बोट फिरवलं. गुळगुळीत धातू, कुठे खाच नाही, छिद्र नाही.

“मग मी काय फिरवत होतो?”

तो माझ्या बोटाकडे बघत होता. बोटाकडे नाही, त्याच्या मागे.

“हात दाखव,” तो म्हणाला.

त्याने माझी बाही वर सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथे, एक छिद्र होतं. सहा कोनांचं. रक्त नाही, सूज नाही. कडा स्वच्छ, जराशा तेलकट.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

“किती फिरवलास?” धाकट्याने विचारलं. आवाज अगदी हळू, वडील घड्याळाशी बोलायचे तसा.

“दोन फेरे,” मी म्हणालो. “थोडे जास्तच.”

त्याने टेबलावरची की उचलली. मी हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही. की आत बसली. दुखलं नाही. तो फिरवत गेला, थांबत गेला.

“वहिनी, बोला काहीतरी,” तो म्हणाला.

“काय बोलू?” ती म्हणाली. डावीकडून.

आणखी जरासा फेरा.

“काय बोलू, भावजी?”

समोरून. बरोबर मधून. शब्दाच्या आधी तिने गिळलेला आवंढा मला ऐकू आला.

आणि तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? काय हात आहे मेल्याचा!

लेख मी नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत नातं सांगितलं, खाली खरे आकडे दिले, संपादकबाईंची बोलणी खाल्ली. धाकट्याच्या हातासाठी गिऱ्हाइकांना आता वर्षभर थांबावं लागतं. माझी ॲलन की तो जाताना घेऊन गेला. “ही माझ्याकडेच राहू दे, दादा,” म्हणाला. मी वाद घातला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ती की खिशात घालून येतो. चपला काढतो, माझ्याकडे बघून हसतो आणि आत बायकोला विचारतो, “वहिनी, काय म्हणतोय दादा?”

ती हात पुसत बाहेर येते, माझ्यासमोर उभी राहते, मान जराशी कलती करून मला नीट न्याहाळते.

“परवापासून थोडा डावीकडे जातोय,” ती सांगते.