तिफणीची तिसरी बांधणी

मुलांनो, या प्रकरणात माझा वाटा एवढाच: सोनईच्या अजिनाथने ‘तिफण’ नावाची संगणकभाषा रचली, तिच्या मूळ मजकुराची छापील प्रत मी तपासली होती. तीनशे चार पाने. त्यातली प्रत्येक ओळ मला ठाऊक आहे.

२०२४ च्या मे महिन्यात अजिनाथ मिरजगावजवळ अपघातात गेला. मागे उरल्या आई चांगुणाबाई, पत्नी दिपाली आणि तिफण. तिफणीचा मजकूर यंत्राला समजावणारा कंपायलर तिफणीतच लिहिलेला. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसा जुन्या कंपायलरशिवाय नवा बांधता येत नाही. जुना होता तो फक्त अजिनाथच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप अखेरच्या घटका मोजत होता. तो गेला, की नवऱ्याची अकरा वर्षे गेली.

२९ जानेवारी २०२५, पौष अमावास्या. रात्री साडेअकराला दिपाली त्या लॅपटॉपवर नवा कंपायलर बांधायला बसली. रीत अशी, की बांधणी तीनदा करायची: जुन्याने पहिली, पहिलीने दुसरी, दुसरीने तिसरी. दुसरी आणि तिसरी तंतोतंत जुळली, तर काम पक्के.

पहिली झाली. तिने चालवून पाहिली. पडद्यावर उमटले:

“आई, दार उघड.”

मजकुरात असे काहीच नव्हते. तिने सासूला कसेबसे वाचून दाखवले. चांगुणाबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, “पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई, पोरी. दोन हाका कुनीबी मारतंय. तिसरी मारील, ते आपलं मानूस.”

थांबावे, तर लॅपटॉप दगा देणार. तिने दुसरी बांधली.

“आई, दार उघड.”

लॅपटॉप घरघरत होता. तिसरी...

“आई, दार उघड.”

चांगुणाबाई उठल्या. कडी काढली. अंधार. थंडी. कुणी नाही...

दिपालीने दुसरी आणि तिसरी ताडून पाहिली. एका चिन्हाचाही फरक नव्हता. दोन्ही पेनड्राइव्हवर उतरल्या, आणि लॅपटॉप विझला तो कायमचा. तिने नव्या संगणकावर तिसरी चालवली.

“आई, दार लाव. गार वारं येतंय.”

सकाळी दोघी माझ्याकडे आल्या. मी सगळी पाने पुन्हा वाचली. दोन्ही वाक्ये कुठेही नाहीत. आजही दुसरी बांधणी दार उघडायला सांगते, तिसरी लावायला. ताडून पाहा, दोन्ही सारख्याच.

तेव्हा ठरले, की चौथी बांधणी करायची नाही. दिपालीने मान्य केले, मीही केले. चांगुणाबाईंनी मान्य केले ते एका अटीवर: रात्री दाराला आतून कुलूप घालायचे. आलेला परत जायला नको.