सगुणा पाणी का पीत नव्हती?

"रविवारी गुरांचा व्यापारी अजिनाथ टेम्पो घेऊन येतोय. सगुणाला देऊन टाकायची," अण्णा जेवता जेवता म्हणाले, आणि त्यांची मुलगी संस्कृती जेवायची थांबली.

सगुणा म्हणजे त्यांची तांबडी गाय. संगमनेरजवळच्या त्या वस्तीवर तिच्याइतकी गरीब गाय शोधून सापडली नसती. पण गेले दोन महिने तिचं काहीतरी बिनसलं होतं. हौदाशी यायची, पाण्याला तोंड लावायची आणि झटक्यात मान मागे घ्यायची. साहजिकच दूधही आटलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले, आईने दृष्ट काढली. शेवटी गाय नाठाळ झाली, असा निकाल अण्णांनी देऊन टाकला. मोठ्या माणसांना निकाल द्यायची भारी घाई.

संस्कृतीने सगुणाला वासरू असल्यापासून सांभाळलं होतं. तिचे डोळे भरून आले.

सुट्टीला नगरहून आलेला आतेभाऊ पार्थ म्हणाला, "रडून काय होणार? अजून दोन दिवस आहेत. वही काढ."

दोघांनी गोठ्यातच बस्तान मांडलं. सगुणा कधी पिते, कधी बिचकते, सगळं वहीत.

"शाळेत एवढं लिहिलं असतंस तर पहिला नंबर आला असता," संस्कृती म्हणाली.

"शाळेत गाय नसते ना."

शनिवारी दुपारी वही चाळताना संस्कृती थबकली. "पार्थ, ही फक्त दोनदाच पोटभर प्यायली. दोन्ही वेळा लाईट गेली होती."

परवा हौदाचा नळ सोडताना बोटांना मुंग्या आल्या होत्या, हेही तिला आठवलं. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर भागलं असेल का?

"हौदाला हात लावू नकोस," ती हळूच म्हणाली.

अण्णांना सांगितलं, तर ते हसायला लागले. "पान्यात कुठं करंट असतो व्हय? मी रोज तितं उभा ऱ्हातो. मला न्हाई लागत."

गोठ्यात अण्णांच्या पायात कायम गमबूट. त्यांना कसा लागणार?

रविवारी सकाळी टेम्पो दारात येऊन उभा राहिला. अण्णा दावं सोडत होते, तेवढ्यात ठरल्याप्रमाणे पार्थने घरातला मेन स्विच बंद केला.

"अण्णा, एकदाच तिला पाणी दाखवा. मग न्या," संस्कृती म्हणाली.

सगुणा बिचकत हौदाशी आली. तोंड लावलं, आणि मग मान वर न करता घटाघटा पीतच राहिली.

"मेन स्विच बंद आहे म्हणून पितेय ती," संस्कृती म्हणाली. अण्णा दावं हातात धरून बघत राहिले. मग त्यांनी वायरमन महेंद्रकाकांना फोन लावला.

महेंद्रकाकांनी सगळ्यांना लांब उभं करून स्विच चालू केला. हौदात सोडलेल्या लोखंडी पाइपाला टेस्टर लावताच त्यातला दिवा पेटला.

"घराच्या अर्थिंगची तार कुठं बांधली, भाऊ?"

"या पाइपालाच की. वडलांच्या येळपास्नं हाय. पाइप जमिनीतनं पार हिरीपर्यंत गेल्ता."

"अन् दिवाळीला तुमी जमिनीतला पाइप प्लास्टिकचा केला. आता तार जमिनीला पोचतच न्हाई. त्यात दोनेक म्हयन्यांखाली घरातली जुनी वायर जळाली असणार. तिचा करंट जमिनीत जायला हवा, तो हौदात उतरतोय. आपल्या पायात चप्पल असती, गाईच्या पायात कुठं?" महेंद्रकाकांनी टेस्टर खिशात घातला. "पावसाळ्यात कुणी अनवाणी आलं असतं, तर जागेवर गेलं असतं. हितं पाणी कोण भरतं?"

"मीच," संस्कृती म्हणाली.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सगुणाला परत खुंट्याला बांधलं.

"मंग गाय?" अजिनाथने विचारलं.

"न्हाई द्यायची. दोन म्हयने ती सांगत हुती, अन् आमी तिलाच नाठाळ म्हनलं. या पोरांनी तेवढं ऐकलं तिचं. लई गुनाची हायेत."

त्यांनी दोघांना जवळ ओढलं. संस्कृतीच्या डोक्यावरचा त्यांचा हात कितीतरी वेळ तसाच होता.