पडवीतली सायकल

"घेतेस तर दोन घे गो, नाय तर एकबी नको," सासूबाई म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी मी घरातल्या घरात सायकल चालवायचा ट्रेनर आणायला शहापूरला निघाले होते. लेक नुकती मान धरायला लागली होती. सासूबाई पडवीत बसून रोपांच्या जुड्या बांधायला पेंढ्याचे बंद वळत होत्या. हात चालूच, मान खाली.

मी हसले. "आई, ही काय बैलजोडी आहे?"

"साईनाथ नि ऋतिक संगती जातात, संगती येतात. एकालाच घरात घेतलास तर दुसऱ्यानं काय करायचं?"

"मग ऋतिकभाऊजींनी घ्यावा त्यांचा."

लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, छत्री उघडली आणि निघाले.

खरं तर साईनाथ मला भेटला तोही याच वस्तूपायी. तेव्हा मी वाशिंदहून शहापूरला देवराममामांच्या दुकानात यायचे. बी.कॉम. झालं होतं आणि दुसरं काही मिळेपर्यंत गल्ल्यावर बसले होते. दुकान व्यायामाच्या सामानाचं. डंबेल, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, योगाच्या चटया… आणि कोपऱ्यात, कुणीच न विचारणारी, घरात सायकल चालवायची यंत्रं.

जुलैतली दुपार होती. पाऊस असा की समोरची वडापावची गाडी दिसेना. दार ढकलून एक मुलगा आत आला. कमरेपर्यंत चिखल, आणि खांद्यावर सायकल.

"सायकल बाहेर ठेवा," मी म्हटलं.

"भिजेल ना ती."

"आणि तुम्ही भिजलात ते?"

"मी वाळतो. तिच्या बेअरिंगा गंजतात."

मी ओठ दाबून हसू आवरलं. "काय हवंय?"

"पावसात बाहेर न जाता सायकल मारायला काय असतं, ते दाखवा. नुसतं बघायचंय. घ्यायचं नाय."

"या दुकानात इतकं खरं अजून कुणी बोललं नव्हतं."

मागे देवराममामा मुद्दाम खोकले.

मी त्याला कोपऱ्यात नेलं. पत्रकं वाचून वाचून मला सगळं पाठ होतं. "ही जिममधली. जड आहे, हलत नाही, पडत नाही. पण ती तुमची सायकल नव्हे, बसण्याची सगळी सवय बदलेल. हा ट्रेनर. यात तुमचीच सायकल लागते. मागचं चाक या चिमट्यात उचलून धरायचं, त्याला हा रोलर टेकतो, आणि आतल्या चुंबकाने पायाला चढासारखं जड लागतं. वीज लागत नाही."

"लाईट नाय लागत? मग आमच्याकडं चालेल. ढग दिसला का आमची लाईट जाते."

"आणि हे रोलर. तीन नळकांडी. वर सायकल नुसती ठेवायची. धरायला काही नाही, तोल तुमचा तुम्ही सांभाळायचा."

त्याचे डोळे चमकले. "ह्येच!"

"पडाल."

"पडलो तर इथंच पडेन ना. तुमच्या समोर."

"मला पडलेली माणसं बघायची सवय नाही."

"उभी माणसं बघायची आहे का?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच लाजून सायकलकडे बघायला लागला.

त्याने रोलर चालवून बघायचं ठरवलं. एक हात फळीला, आणि "जरा सीट धरता का?" मी धरली.

"सोडू?"

"नका सोडू… आता सोडा… नका, नका, नका!"

योगाच्या चटयांच्या ढिगात तो, त्याच्यावर सायकल, त्याचा कोपर माझ्या हातात आणि माझं मनगट त्याच्या मुठीत. मामा गल्ल्यावरून म्हणाले, "मनस्वी, चटया पुसून ठेव हो."

"हात सोडा आता," तो हळूच म्हणाला.

"तुम्हीच धरलाय माझा."

"असं होय…" तरीही त्याने लगेच सोडला नाही.

"इतक्या मोठ्याने ओरडता कशाला पण?" मी विचारलं.

"सवय हाये. मी नि माझा दोस्त ऋतिक, दोघं जातो रोज फटफटताना, किन्हवलीवरनं सरळगाव, मुरबाड, नि परत. ऋतिक पुढं, मी मागं. मागून गाडी आली का मी वरडतो, 'गाडी!' का तो कडेला होतो. पुढच्यानं मागं बघायचंच नाय. बघितलं का गेला खड्ड्यात."

"आणि तुमच्यामागे कोण ओरडतं?"

ओल्या केसांतून एक थेंब त्याच्या भुवईवर आला. "माझ्या मागं… कोण नाय."

त्याने ते हसतच सांगितलं होतं. मी मात्र घरी जाताना गाडीत तेच ऐकत राहिले.

मग तो "बघायला" येत राहिला. कधी चिमट्याचा नट बघायला, कधी कुठला ट्रेनर आवाज कमी करतो ते बघायला. एकदा फडक्यात करटुली बांधून आणली. "आईनं दिलीत. दुकानासाठी."

"दुकान करटुली खातं?"

"दुकानात बसणारी खात असंल तर…"

पाऊस सरला, भातं कापून झाली, रस्ते कोरडे झाले. एक दिवस तो आला तो कोपऱ्याकडे गेलाच नाही. गल्ल्यापाशीच उभा राहिला.

"वाशिंदला तुमचं घर कुठं?"

"का? डिलिव्हरी आणून देणार आहात?"

"आईबाबांना आणणार हाये."

देवराममामा या वेळी खोकले नाहीत. मीच खोकले.

असं आमचं लग्न झालं. मी किन्हवलीच्या अलीकडच्या त्या गावात आले, अंगणापुढे भाताची खाचरं आणि खाचरांपुढे तो रस्ता. साईनाथला सायकल शर्यतींच्या राज्य संघात जायचं होतं. निवड डिसेंबरात. म्हणजे पाय तयार करायचे ते पावसाळ्यातच. लेक पोटात होती तोवर मी धीर धरला. ती झाली, आणि माझे कान रस्त्याला चिकटले. खड्डे पाण्याने भरलेले, टेम्पो आंधळ्यासारखे येणारे. तो परत आला की मी आधी त्याचे गुडघे बघायची, मग तोंड.

म्हणून मी देवराममामांकडून ट्रेनर आणला. रोलर नव्हे. ज्यावरून पडता येत नाही, तोच.

पडवीची जमीन शेणाने सारवलेली, ट्रेनरचे पाय तिच्यात रुतायला लागले. सासऱ्यांनी जुन्या दाराची फळी खाली टाकून दिली. तांबडं फुटायच्या सुमाराला साईनाथ त्यावर बसे, चाक घोंघावू लागे. भाताच्या आवणीला निघालेल्या बायका अंगणावरून जाताना थांबत. वत्सलाकाकी विचारायची, "काय रे कोंडूदादा, तुझा पोरगा पोचला का कसाऱ्याला?"

"आत्ताच निघालाय," सासरे म्हणायचे. "वाटेत सासू भेटली असंल."

सगळ्या हसत. साईनाथही हसे, घाम पुसत. मी लेकीला घेऊन त्याच्यासमोर बसत असे. चाकाचा वारा तिच्या जावळाला लागला की ती खिदळायची, आणि तो मुद्दाम जोर वाढवायचा. मधेच माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचा. इतकं सुख मला त्याआधी ठाऊक नव्हतं. तो धावत होता आणि तरी माझ्यासमोर होता…

ऋतिक कुंपणापाशी येऊन घंटी वाजवायचा. "साया, येतो का?"

"आज घरातच मारतो रे."

"वहिनी, भारी काम केलंत. खुंटीला बांधलात याला."

"तुम्हीपण या ना पडवीत. आलटून पालटून चालवा."

"मी? आईशप्पथ, मी दोन मिन्टात झोपेन त्याच्यावर." आणि हात हलवून तो एकटा निघून जायचा. मी त्याच्या पाठीकडे बघायची. एवढंच मनात यायचं, की साईनाथ इथे आहे.

श्रावणातल्या एका सकाळी दुधाच्या गाडीवाला अनिल अंगणात शिरला, गाडी चालूच ठेवून. "ऋतिकला उडवला. वळणावर. मागनं टेम्पो."

साईनाथने उडी टाकली. तो अनिलच्या गाडीत बसून गेला तरी पडवीतलं चाक फिरत होतं. मी ते हाताने थांबवलं.

ऋतिक जगला. कल्याणच्या दवाखान्यात गुडघ्यात सळी घातली. पाय आता पूर्ण दुमडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. साईनाथ त्याच्या उशाशी बसला होता, मी दाराशी, लेकीला खांद्यावर घेऊन. ऋतिकने डोळे उघडले.

"गाडी ऐकू आली होती रे," तो साईनाथला म्हणाला. "मला वाटलं… तू वरडशील."

इतक्या वर्षांत त्याने रस्त्यावर कधी मागे वळून बघितलं नव्हतं. त्या सकाळीही नाही.

त्यानंतर तो साईनाथशी बोललेला नाही. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलत नाही.

निवडीच्या यादीतून साईनाथने नाव काढून घेतलं. मला ते दुसऱ्याकडून कळलं. तो घरात असायचा, जेवायचा, लेकीला झोके द्यायचा… पण त्याची नजर माझ्यावर आली की सरकून पुढे जायची. मला राज्याचा संघ नको होता, नाव नको होतं. त्याने एकदा पूर्वीसारखं माझ्याकडे बघावं, एवढंच हवं होतं.

एका संध्याकाळी मी म्हटलंच. "तू त्या दिवशी मागे असतास, तर टेम्पो आधी तुला लागला असता."

"हां."

"मग?"

"तू मला वाचवलास, मनू." तो लेकीचं दुपटं सारखं करत होता. "त्याचाच राग येतो."

"माझा?"

त्याने दुपट्याचं टोक तिच्या पायाखाली खोचलं.

थंडी सरता सरता ऋतिक पुन्हा सायकलवर बसला. शर्यतीची नव्हे, साधी, दांड्याची. सरळगावच्या भातगिरणीत त्याला काम मिळालं आहे. एक पाय नीट फिरत नाही, म्हणून सायकल लंगडल्यासारखी चालते. पहिल्याच सकाळी साईनाथने ट्रेनरचा चिमटा सोडवला, सायकल अंगणात उतरवली आणि त्याच्यामागे निघाला. तेव्हापासून रोज जातो. गिरणीच्या फाटकापर्यंत, आणि परत.

मध्यंतरी वळवाच्या पावसात लेकीला डोस द्यायला मी रिक्षाने निघाले होते. वळणाच्या अलीकडे ते दोघं दिसले. पुढे ऋतिक, हळू, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. मागे साईनाथ. ज्याने घाट धावत चढावा तो माणूस पायी चालल्यासारखी सायकल चालवत होता. आमच्या रिक्षाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला.

"गाडी!"

काय तो आवाज… माझ्या मांडीवर लेक दचकली. ऋतिक मागे न बघता कडेला झाला. आम्ही दोघांना ओलांडून गेलो. मी रिक्षातून तोंड काढून बघितलं. साईनाथ समोरच्या पाठीकडे बघत होता. मी त्याला दिसले नाही.

घरी आल्यावर मी त्याला सांगितलं, "त्या रिक्षात मीच होते."

"मला कसं दिसणार? मी नुसता कानानं बघतो."

"ऋतिकभाऊजी बोलले काही?"

"नाय."

"तू विचारलंस कधी? बरा आहेस का, दुखतं का?"

तो पहिल्यांदा थोडं हसला, आणि त्या हसण्याने मला रडू आलं. "मागच्यानं वरडायचं असतं गो. विचारायचं नसतं."

आता पुन्हा पाऊस लागलाय. ते दोघं रोज जातात. मी लेकीला कडेवर घेऊन अंगणाच्या टोकाशी उभी असते. मी बोलवायला गेले तर ऋतिक मान फिरवतो, सासूबाईंनी निरोप पाठवला तर 'ठीक हाये' म्हणतो आणि गिरणीत शिरतो. तिथे तो जेवतो का, रात्री गुडघा त्याला झोपू देतो का, आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणी सकाळी किन्हवलीहून सरळगावकडे जात असाल, तर दोन सायकली दिसतील. गाडी जरा हळू घ्या. मागचा माझा आहे, त्याला काही म्हणू नका. पुढच्यापाशी थांबा आणि विचारा, बरा आहेस का. माझं नाव सांगू नका. माझं नाव ऐकलं तर तो काहीच बोलणार नाही.