डिफच्या नाकात बोळा

"गाडीचं मला काहीही विचार," हृषिकेश म्हणाला. "मी फोर-व्हील ड्राइव्हवाला माणूस आहे."

"हो? मग ही काळी रांगोळी कुणी घातली?" लिझाने गाडीखाली बोट दाखवलं.

हृषिकेश वाकला. ड्राइव्हवेवर बशीएवढा तेलाचा डाग होता.

तो पुण्याचा साठे, ती वसईची लोपिस. परदेशातल्या पॉइंट कुक या उपनगरात दोघं समोरासमोर राहायचे, आणि वर्षभर एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. ऑगस्टात त्याला कोविड झाला, कुरिअरवाल्याने त्याची औषधं चुकून तिच्या दारात टाकली. एवढीच ओळख. पण त्यानंतर चौदा दिवस त्याच्या दाराच्या कडीला रोज एक डबा लटकायचा... पेज, तांदळाची भाकरी, चटणी. आता तो बरा होता. लॉकडाऊनात व्यायामाला मिळणारा एक तास लिझा नेमका त्याच्याच फुटपाथवर का घालवते, हे विचारायची मात्र त्याची छाती नव्हती.

हॉस्पिटलात एक्स-रे काढायची तिची ड्यूटी मंगळवारपासून परत सुरू होणार होती, आणि तिची गाडी गॅरेजात पार्टची वाट बघत पडली होती. "माझी ने!" असं त्याने छातीठोक सांगून टाकलं होतं. चौदा डब्यांचे आभार मानायचा त्याला दुसरा मार्गच सुचला नव्हता.

"इंजिन ऑइल आहे," तो म्हणाला. "एक नट आवळला की काम झालं."

"वास घेतलास?"

"घेतला ना. काहीच येत नाही."

"कोविडने तुझं नाक नेलंय, शहाण्या! सरक मागे." तो दोन मीटर मागे सरकला. तिने मास्कची कड उचलली आणि लगेच सोडली. "शी! सडकी अंडी! गिअर ऑइल आहे हे. मागच्या चाकांमधला तो गोळा दिसतो ना, तो डिफ, चाकं फिरवणारे गिअर असतात त्यात. तो कोरडा पडला तर फ्रीवेवर चाकं जाम होतील. माझ्यासकट."

"तुला कसं माहीत?"

"पप्पा वाडीतली भाजी टेम्पोने दादरला न्यायचे. त्या टेम्पोखाली लोळत मोठी झालेय मी."

मग फुटपाथवरून हुकूम सुटले. सगळं पुसून लखलखीत कर. वरून पावडर मार. एक चक्कर मारून ये. जिथे पावडर ओली, तिथे गळती. हृषिकेशकडे पावडर एकच होती, आईने पाठवलेली चंदनाची. त्याने अर्धा डबा डिफला फासला. त्या दिवशी पॉइंट कुकमधली सगळ्यात सुवासिक गाडी त्याची होती, फक्त त्याला ते कळत नव्हतं.

पुढून शाफ्ट डिफमध्ये शिरतो तिथलं तेल अडवणारं रबरी सील ओलं निघालं. नवं सील बसवताना त्याने एक बोट चेचलं आणि दोन वॉशर हरवले. तीन दिवसांनी... परत डाग.

सोमवारी नियम सैल झाला. एकटं राहणाऱ्याला कुणीतरी एक माणूस निवडता येणार होता, फक्त एक, घरी यायला-जायला. त्याला 'बबल' म्हणायचे.

"लिझा... माझा बबल होशील? म्हणजे — गाडीसाठी."

"गाडीसाठी?"

"...हो."

ती घरी गेली, आणि चार लिटर गिअर ऑइल घेऊन आली.

"दोनच लागतं की!"

"ओळखते तुला."

त्याने डिफचा खालचा बोल्ट काढून जुनं तेल टबात सोडलं. लिझा पाठीवर सरकत गाडीखाली गेली.

"हृषिकेश, ब्रीदरची नळी बंद कशी?"

"ती होय! पाडव्याला गाडीची पूजा केली ना, तेव्हा दिसली. धूळ जाईल म्हणून पुट्टी भरली. आईने पुण्याहून दिलेली, एकदम पक्की."

मग खालून खो-खो हसू आलं.

"अरे, डिफ श्वास घेतो तिथून! तापला की आतली हवा फुगते, वाट नाही मिळाली की सीलमधून तेल ढकलते. जिवंतपणी नाकात बोळा कोंबलास त्याच्या!"

तिने पुट्टी खरवडून काढली. नळीत साचलेलं तेल टपकलं. हृषिकेश तिच्या शेजारी पालथा पडून बघत होता, आणि एकदम ओरडला, "लिझा! सडकी अंडी! वास येतोय मला!" त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "तुझ्या डब्यातल्या कशाचाच वास नाही आला गं मला. ती शेंगदाण्याची चटणीसुद्धा..."

"जवळा होता तो. सुका."

"...मी शाकाहारी आहे."

"तीनदा मागितलीस तू!"

"चौथ्यांदा मागणार होतो."

ती हसली. "आणखी काय काय दाबून ठेवलंयस, साठे? बघ हं, भलतीकडून गळेल."

"बबल गाडीसाठी नव्हता," तो भडाभडा बोलला. "त्या चौदा दिवसांत दार उघडायला कारण होतं ते फक्त तुझा डबा. थँक्यू म्हणायला गेलो की ओठांवर भलतंच काहीतरी यायचं..."

लिझाने मास्क खाली ओढला. तिचा अख्खा चेहरा त्याने पहिल्यांदाच पाहिला. हनुवटीवर तेलाचं बोट उमटलेलं.

"मीसुद्धा रोज डाग बघायला येत नव्हते," ती हळूच म्हणाली. "मूर्खा."

मग हृषिकेशने टब बाजूला सारला आणि शीळ घालत डिफमध्ये नवं तेल भरलं. पूर्ण दोन लिटर. ते सगळं ड्राइव्हवेवर गेलं. खालचा बोल्ट त्याच्या खिशात होता.