चार नंबरची कॉट

उत्तर ऑन्टारियोमधल्या एका मुलींच्या निवासी शाळेत मी एकतीस वर्षं नर्स होते. शाळेचं नाव लिहीत नाही. ती अजून चालू आहे आणि लोक आपल्या मुली तिथे विश्वासाने पाठवतात.

सिकरूम इमारतीच्या मागच्या टोकाला होती. सहा कॉट, दोन रेडिएटर, औषधांचं कुलूपबंद कपाट आणि मधल्या दारापलीकडे माझी खोली. चार नंबरची कॉट खिडकीला लागून होती. उशीवर डोकं ठेवलं की तिथून थेट तळं दिसायचं. मुरगळलेले पाय, घशाची सूज, परीक्षेच्या सकाळी दुखणारी पोटं आणि घरची आठवण, असलं माझं काम. घरच्या आठवणीवर एकच औषध चालायचं, ते म्हणजे स्वयंपाकघरातल्या बर्निसचं चिकन सूप.

"गुडी, बरणीत भरून विकूया का गं हे?" बर्निस म्हणायची. "तुझ्या त्या गोळ्यांना कोण विचारतंय?"

माझं नाव गुड्रुन थॉर्डरसन. मुली पाठीमागे थॉर्डी म्हणत आणि तोंडावर मिस थॉर्डी.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत मॅरिबेल किन्सेला नावाची चौदा वर्षांची मुलगी चार नंबरवर आली. एकशे तीन ताप होता. दुपारी मी तिच्या कपाळावरची घडी बदलत होते तेव्हा तिने डोळे उघडले.

"मिस थॉर्डी, त्याला आत घ्या ना."

"कोणाला गं?"

"बाहेर उभाय तो. त्याचे मोजे भिजलेत."

मी खिडकीतून पाहिलं. बाहेर बर्फ होता आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. तापात मुलं बरळतात. मी वहीत 'ग्लानी' असं लिहिलं आणि विसरून गेले. विसरून गेले असं मला वाटलं, एवढंच.

पुढे आठ वर्षं त्या कॉटवर कितीतरी मुली झोपून बऱ्या होऊन गेल्या. मग ओदील आली. दहा वर्षांची, क्वेबेकची, अजून इंग्रजीत अडखळणारी. तिलाही ताप चढलेला. मी चमच्याने तिला सरबत पाजत होते. ती माझ्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाली, "हेल्गी म्हणतो, टोपी मिळालीच नाही."

चमचा माझ्या हातातून गादीवर पडला.

हेल्गी माझा धाकटा भाऊ. मॅनिटोबात, विनिपेग तळ्याच्या काठी आमचं घर होतं. वडील मासेमारी करायचे आणि घरात आम्ही आइसलँडिक बोलायचो. मी अकरा वर्षांची होते, तो सात. तळ्यावर नोव्हेंबरातला नवा बर्फ होता. वाऱ्याने माझी नवी टोपी उडवली आणि ती बर्फावर घसरत लांब गेली. हेल्गीने काठावर थांबून विचारलं, "टिकेल का?" मी म्हणाले, "टिकेल. जा." मला टोपी हवी होती. बाकी कशाचा मी विचारच केला नाही. बर्फ टिकला नाही.

घरी मी सांगितलं की तो एकटाच गेला आणि मी आत शिवणाला बसले होते. ते सगळ्यांनी मानलं. त्या टोपीबद्दल मी कोणालाही, अगदी कोणालाही, कधी सांगितलं नव्हतं. शाळेत तर मला भाऊ होता हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

मी झोपेत बोलत असेन, आणि दारापलीकडून मुलींच्या कानावर पडत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मी बोलले असते तर आइसलँडिकमध्ये बोलले असते. ओदीलला तर धड इंग्रजीही येत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी चार नंबरची गादी काढली आणि स्प्रिंग तुटल्याचं सांगितलं. कॉट सात वर्षं रिकामी राहिली. खाली वाकून स्प्रिंग बघायला कोणी आलं नाही.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये फ्लूची साथ आली. पाचही कॉट भरल्या आणि सहावी मुलगी दारात उभी राहिली. टेसा मॅकअल्पाइन, बारा वर्षांची, थंडर बे गावची. मुख्याध्यापिका मिसेस क्रॅन्स्टन स्वतः तिला घेऊन आल्या होत्या.

"ती खिडकीजवळची रिकामी आहे की."

"स्प्रिंग गेलीय तिची."

त्यांनी कॉटवर हात दाबून पाहिला. "चांगली तर आहे! थॉर्डरसन, तुम्हीही आता थकलात हं."

मी गादी घातली. दुसरं करणार तरी काय?

दोन दिवस टेसा काही बोलली नाही. ताप एकशे चारच्या खाली येत नव्हता. मी तिच्याजवळून हलत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळी शाळा जेवायला बसली असताना, मी सूप आणायला स्वयंपाकघरात गेले. जेमतेम दहा मिनिटं.

"किती वाळलीस गं," बर्निस म्हणाली. "आधी तू दोन घास खा."

"नंतर."

परत आले तर चार नंबर रिकामी होती. पांघरुणाची नीट घडी घालून ठेवलेली. बाहेर जाणारं बाजूचं दार उघडं होतं आणि थंड वारा आत येत होता. इतर पाच मुली गाढ झोपेत होत्या. एरवी शिंकेनेही जाग्या होणाऱ्या मुली.

मी ट्रे तिथेच टाकला आणि धावले.

तळ्यावर मार्चचा बर्फ होता, करडा, वर पाणी साचलेला. काठावर धोक्याची लाल निशाणं लावून दहा दिवस झाले होते. त्या निशाणांच्या पलीकडे, चाळीसेक पावलांवर, टेसा पाठमोरी उभी होती. अंगात नुसता नाइटगाऊन, पायांत मोजे.

मी हाक मारली. ती वळली नाही.

मी बर्फावर एक पाऊल ठेवलं. तो पायाखाली कण्हला. माझं वजन तिच्या दुप्पट होतं. मी पुढे गेले असते तर आम्ही दोघीही गेलो असतो.

"टेसा! परत ये, बाळा."

ती वळली. चेहरा टेसाचाच होता. तिने मान थोडी तिरकी केली आणि विचारलं, "टिकेल का?"

तिने ते आइसलँडिकमध्ये विचारलं.

तिच्या मागे बर्फात एक लांब काळी रेघ उमटत गेली. आवाज नंतर आला.

"टिकेल का?"

चाळीस वर्षांत मी ती भाषा आईशी सोडून कोणाशी बोलले नव्हते.

"नाही," मी त्याच भाषेत ओरडले. "नाही टिकणार. मी खोटं बोलले. मीच तुला पाठवलं. परत ये, हेल्गी. टोपी राहू दे."

ती थांबली.

मग चालत आली. सावकाश, आल्या वाटेनेच.

मी तिला उचललं. मागून बर्निस ब्लँकेट घेऊन धावत आली. "अगं देवा, देवा! आणि तू कोणाशी बोलत होतीस?" तिने पुन्हा कधी विचारलंही नाही.

तासाभरात टेसाचा ताप पूर्ण उतरला. तिला काहीच आठवत नव्हतं. "जेवण झालं का सगळ्यांचं? मला का नाही उठवलंत?" एवढंच ती म्हणाली आणि दोन वाट्या सूप प्यायली.

संध्याकाळी मी आईला फोन केला. ती तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. मी तिला सगळं सांगितलं, टोपीसकट.

"त्या दिवशी तू घरात शिरलीस तेव्हा तुझे केस विस्कटलेले होते," ती म्हणाली. "डोकं उघडं होतं तुझं. मला माहीत होतं गुड्रुन. तू कधी सांगशील याचीच वाट बघत होते."

आम्ही दोघी रडलो. त्यानंतर ती चार वर्षं जगली आणि त्या चार वर्षांत आम्ही हेल्गीबद्दल मोकळेपणी बोललो. तो कसा हसायचा, कशावर रुसायचा, सगळं. टेसानंतर चार नंबरवर माझ्यासमोर कोणतीच मुलगी काही वेडंवाकडं बोलली नाही. मी निवृत्त झाले ती हलक्या मनाने.

दोन वर्षांनी एका ऑक्टोबरच्या दुपारी फोन वाजला. माझ्या जागी आलेली नर्स, डॅफ्नी ओग्डन. पस्तिशीची, हुशार, नेमकं बोलणारी. सिकरूम नव्या इमारतीत गेली होती, कॉटही नव्या होत्या. तिला लसीकरणाचे जुने कागद सापडत नव्हते. ते कुठे आहेत ते मी सांगितलं.

"बाकी कसं चाललंय?"

"ठीक. एकच पेशंट आहे. यंदाच शाळेत आलेली मुलगी, तापाने फणफणलीय."

"काय म्हणते ती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

डॅफ्नी एकदम सावध झाली.

"ती काही बोलतेय, हे मी तुम्हाला कुठे सांगितलं?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला आणि डॅफ्नी कुजबुजत्या आवाजात बोलू लागली.

"मिस थॉर्डरसन, मला एक मुलगी होती. इथे कोणालाच माहीत नाही ते. ही पोर सकाळपासून मला आई म्हणतेय. माझ्या मुलीच्याच आवाजात."