गाडीने तीनदा टुक केलं

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. माझ्या वर्गातले सगळे हसून झालेत. पण ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली. यातलं एक अक्षरसुद्धा मी पदरचं घातलेलं नाही.

मी योगिनी. दहावीत आहे, रहाटणीला राहते. गेल्या डिसेंबरमधला गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जाते, हे पिंपरी-चिंचवडवाल्यांना सांगायला नकोच. त्या दिवशी अंधारून आलं तरी ती आलीच नव्हती.

पप्पा चाकणला कंपनीत आहेत. त्यांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारीच असते, तरी ओव्हरटाइमला गेले होते, कंपनीच्या बसने. गाडी खाली पार्किंगमध्ये होती.

ही गाडी आम्ही दिवाळीनंतर घेतली. जुनीच. पप्पांच्या ओळखीतल्या, राजगुरुनगरच्या आबाजींची. ते वारले आणि त्यांच्या मुलाने, सुजितकाकांनी, तेरावं व्हायच्या आधीच ती विकायला काढली. गाडी ठणठणीत होती, फक्त चावीवरचा रिमोट चालत नव्हता.

"सेल गेलाय, बाकी काही नाही," सुजितकाका म्हणाले होते.

पप्पा आपले चावी दारात घालून उघडायचे. मी ठरवलं, सेल मीच बदलणार! आदल्याच महिन्यात मी घरचा मिक्सर दुरुस्त केला होता, त्यामुळे माझी कॉलर ताठ होती.

"इंजिनीयरबाई, गाडी राहू दे जागेवर म्हणजे झालं," आई म्हणाली.

काळेवाडीच्या घड्याळवाल्याकडून गोल चपटा सेल आणला. व्हिडिओ बघितला. नाण्याची कड फटीत घालून हलकेच पिळलं आणि चावीची दोन कवचं सुटी झाली. जुन्या सेलला हिरवट बुरशी चढली होती. तो काढला, आतली पट्टी कापडाने पुसली, नवा सेल बसवला आणि कवचं दाबली. कट्.

बटण दाबलं. चावीवरचा लाल दिवा लागला!

मी नाचलेच. वरदला, माझ्या धाकट्या भावाला, ओढत खाली नेलं. तो पहिलीत आहे.

"तू आत बस. मी लॉक करते, तू सांग दारांवरच्या लॉकच्या खुंट्या खाली गेल्या का."

"मला ड्रायव्हर व्हायचंय."

"मागे बस गपचूप. ड्रायव्हर म्हणे!"

तो मागच्या सीटवर मधोमध बसला. मी सगळी दारं लावली आणि बटण दाबलं.

आमच्या गाडीचं असं आहे, की सगळं नीट लागलं की ती एकदाच टुक करते. एखादं दार उघडं असेल तर तीनदा.

तिने तीनदा केलं.

टुक. टुक. टुक.

मी चारही दारं ढकलून बघितली. डिकी बघितली. सगळं घट्ट बंद. पुन्हा दाबलं...

टुक. टुक. टुक.

आतला छोटा दिवाही जळतच होता. मग मागचं डावं दार उघडलं आणि जोरात आपटलं. ते अर्ध्यात अडकलं. कुणी आत चढत असावं आणि त्याचा गुडघा मध्ये यावा, तसं. मऊ.

हात झटकन मागे घेतला.

आणि दार... आपोआप लागलं. सावकाश. म्हातारी माणसं लावतात तसं.

टुक.

एकदाच.

आतला दिवा विझला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पार्किंगमध्ये एकही कुत्रं नव्हतं. आमची दोन कुत्री रोज याच गाडीखाली झोपतात. दगड मारला तरी उठत नाहीत. पाठीला नुसतं गार लागत होतं. डिसेंबरच होता म्हणा.

"वरद, ये बाहेर."

अनलॉक दाबलं. काहीच नाही. लाल दिवासुद्धा लागला नाही. नव्या सेलचा!

चावी ड्रायव्हरच्या दारात घालून फिरवली. चारही खुंट्या वर आल्या. मी मूठ ओढणार तेवढ्यात... त्या खाली गेल्या. एकदम नाही. एकेक करून. कुणीतरी बोटाने दाबत गेल्यासारख्या.

मी परत फिरवली. परत तेच.

"वरद! आतून उघड!"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो डाव्या बाजूला बघून मान हलवत होता. मग तो उजवीकडे सरकला.

पाहुणा आला की आपण जागा देतो ना? तसा.

मी ओरडले. एवढी ओरडले की आई अंधारात तिन्ही मजले उतरून धावत आली. पाठोपाठ आमचे वॉचमन, बबनकाका, एका हातात बॅटरी आणि एका हातात वीट घेऊन.

"व्हा बाजूला, वैनी. काच फोडतो. पोरगं गुदमरंल."

त्यांनी बॅटरीचा झोत काचेवर टाकला आणि विटेचा हात तसाच थांबला.

वरदच्या श्वासाने उजव्या काचेवर वाफ धरली होती. छोटीशी, खाली. आणि डाव्या काचेवर... दुसरी वाफ होती. मोठ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. ती कमी व्हायची. परत वाढायची.

"वैनी," काका पुटपुटले, "आत आनखी कोन हाय?"

आईने त्या वाफेकडे निरखून बघितलं. मग तिने मला विचारलं, "गाडी घेऊन निघताना तुझे पप्पा काय म्हणाले होते?"

मला आठवलं. आबाजींच्या बायकोला, मंजुळाबाईंना, नमस्कार करून पप्पा सवयीने मोठ्यांदा म्हणाले होते, "या हं सगळे एकदा रहाटणीला!" रस्ताभर आई त्यांच्यावर चिडली होती. अहो, सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, 'आमच्याकडे या' तर मुळीच म्हणत नाहीत, एवढंही कळू नये का?

पप्पा हसले होते. "सगळे म्हणजे किती गं येणार?"

आईने डोक्यावर पदर घेतला. ती कधीच घेत नाही. डाव्या काचेसमोर उभी राहिली आणि हात जोडले.

"आबाजी, आमच्याकडून चुकून बोलावणं गेलं. तुम्ही आलात, पोराजवळ बसलात. आता अंधार पडलाय. निघा तुम्ही. मंजुळाबाई तिकडे एकट्या आहेत."

वाफ तशीच होती.

"माझं लेकरू सोडा हो," आई रडायला लागली. "पाया पडते."

ती काचेपुढे वाकली.

मग वाफ... आक्रसत गेली. शेवटी काच कोरडी झाली. मागच्या डाव्या दाराची खुंटी तेवढी वर आली.

टुक.

आईने दार उघडून वरदला ओढून काढलं. तो व्यवस्थित होता. घाम नाही, रडणं नाही. उलट वैतागला होता.

"कशाला त्यांना जायला सांगितलं?"

"कुणाला रे बाळा?"

"आजोबांना. ते सारख्या खुंट्या लावत होते. म्हणाले, बाहेर जाऊ नको, ते गेलं की मी सोडतो तुला."

"ते म्हणजे?" मी विचारलं.

"ते काय, तुझ्या मागे उभं होतं ते. तू ओरडलीस तेव्हा ते पण तोंड उघडत होतं."

बबनकाकांनी बॅटरी सगळ्या पार्किंगमध्ये फिरवली. गाड्या, खांब, सायकली. कुणी नव्हतं.

"आता कुठे आहे?" आईने विचारलं.

वरदने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. मग आईच्या कुशीत तोंड लपवलं.

पप्पा म्हणतात, जुन्या गाडीची वायरिंग अशीच असते. म्हणत असतील. पण बबनकाकांनी आठवड्याभरात नोकरी सोडली. कुत्री अजून परत आलेली नाहीत. आणि मला, मिक्सर एकटीने खोलणाऱ्या मला, संध्याकाळी जिना उतरवत नाही.

एकच माणूस त्या दिवशी वरदला त्या कशापासून तरी सांभाळत बसला होता. त्याला आम्ही हात जोडून घालवलं.

काल रात्री जेवताना वरद ताट घेऊन, मागे जागा उरू नये अशी पाठ भिंतीला टेकवून बसला. आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हळूच विचारलं, "योगिनी... आबाजींना परत बोलवायचं का गं?"