मागच्या खोलीचा बारीक पाइप

यातला एक शब्द जरी खरा मानलात ना, तर माझं नाव बदला. आधीच सांगून ठेवते, नंतर आईकडे जाऊन रडायचं नाही की म्हातारीने घाबरवलं म्हणून. मोबाइलमध्ये कुणी दाखवलं की ते खरं, आणि आमच्या तोंडून आलं की थापा. बरं बाबा, थापा तर थापा. ती ट्यूब तेवढी बंद करा, डोळ्यांत खुपते माझ्या. आणि चष्मेवाल्या, पाय वर घे. खाली काय आहे? काही नाही रे. बघा, घेतले की नाही लगेच वर! अजून गोष्ट सुरूसुद्धा झाली नाही.

तर, पंपनाना.

रविवारी संध्याकाळी पंपनाना हार्डवेअरच्या दुकानात गेला होता, वॉशर आणायला. साधा रबरी वॉशर, पंपाचा. जुना झिजला होता, पाणी ठिबकत होतं. दुकानदार ओळखीचा. त्याने वॉशर काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "नाना, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुमच्या बिल्डिंगमध्ये आता चिटपाखरू नाही. पंप चालवता कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमचं घर तळमजल्यावर. तुमच्या नळाला पंप कशाला लागतो?"

नानाने वॉशर खिशात टाकला. "चालवला नाही तर जाम होतो," म्हणाला आणि चालायला लागला. पंप जाम होतो की नाना, ते दुकानदाराने विचारलं नाही. भला माणूस होता.

ती बिल्डिंग सोळा घरांची. तळमजला आणि वर तीन मजले. नाना कारखान्यात फिटर होता, त्यामुळे पंप त्याच्या गळ्यात पडला तो कायमचाच. नळाला पाणी यायचं पहाटे साडेचारला, चाळीस मिनिटं. नाना उठायचा, पंप लावायचा, पाणी वर चढवायचा. वरच्या बायकांना तीन जिने उतरून सांगायला यायचा कंटाळा, म्हणून त्यांनी एक भाषा काढली होती. चमच्याने पाइपावर ठोकायचं. एक ठोका, पाणी आलं. दोन ठोके, नाही आलं. तीन ठोके, भरलं, बंद करा. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई मधूनच चार ठोके द्यायची, म्हणजे "नाना, झोपलात का?" कोण ती, विचारू नका. फाजील होती, एवढं समजा.

तीस वर्षं नानाने अशी सगळी बिल्डिंग ऐकली. बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तरी पहाटे साडेचारला कुणीतरी त्याच्याशी बोलायचंच. पाइपातून का होईना.

मग बिल्डर आला. तुम्ही आत्ता बाहेर राहा, भाडं आम्ही देतो, तीन वर्षांनी नव्या बिल्डिंगमध्ये मोठी घरं घ्या. पण सह्या सगळ्यांच्या पाहिजेत, सोळाच्या सोळा. पंधरा जणांनी केल्या. नाना काय, आज ना उद्या करेलच, असं धरून ट्रक बोलावले आणि गेलेसुद्धा. भंगारवाला आला, त्याने नळ काढून नेले, दारं काढून नेली, चौकटी नेल्या. आणि नानाने सही केली नाही.

सगळ्यांना सांगायचा, नकाशात बाथरूम लहान दाखवलंय. खोटं. नव्या बिल्डिंगला गच्चीवर टाकी असणार होती, आपोआप चालू, आपोआप बंद. आणि तोवर राहायचं मुलीकडे, हॉलमधल्या सोफ्यावर, जावयाची टीव्हीवरची मॅच संपेपर्यंत जागं. हे कुणाला सांगणार?

बिल्डरचा माणूस दर दोन दिवसांनी फाईल घेऊन यायचा. फाईलवालाच म्हणायचे त्याला. गरीब पोरगा, बूट दाराबाहेर काढायचा. शेवटी त्याने सांगितलं, "नाना, शुक्रवार दुपारी बारा. नाहीतर साहेब हे काम सोडणार. मग त्या पंधरा घरांचं भाडं बंद." म्हणजे पंधरा घरं रस्त्यावर. फोनवर फोन यायला लागले. कालपर्यंत नाना नाना करणारी माणसं, आता म्हणायची, "म्हाताऱ्याला अक्कल नाही."

सोमवारी पहाटे नानाने नवा वॉशर बसवला आणि पंप लावला. पंप छान घुमला. नाना खूश होऊन स्टुलावर बसला.

टण. टण.

दोन ठोके. मागच्या पाइपावर.

आता हा मागचा पाइप कुठला, ते ऐका. तिसऱ्या मजल्यावर औषधाच्या दुकानवाल्याचं घर होतं. त्याने मागच्या गॅलरीला भिंत घालून एक खोली काढली होती आणि भाड्याने दिली होती. नंतर काढलेली खोली, म्हणून तिला वेगळा बारीक पाइप आणि खाली वेगळा व्हॉल्व्ह. त्या खोलीत एक शिवणवाली राहायची. एकटी. अकरा वर्षं राहिली. सगळ्या बिल्डिंगचे पडदे, ब्लाउज, पोरांचे युनिफॉर्म तिनेच शिवलेले. भंगारवाल्याने नळ नेले त्या दिवशी नानाने वरचे सगळे व्हॉल्व्ह घट्ट बंद केले होते, हासुद्धा.

हवा असेल पाइपात, नाना म्हणाला.

मंगळवारी परत. टण. टण. थोडं थांबून, परत दोन.

हवा अशी मोजून ठोकत नाही. नाना फिटर होता, त्याला कळतं.

मग त्याला वाटलं, बिल्डरच घाबरवतोय. बुधवारी फाईलवाला आला तसा नानाने त्याला धरलाच. "पहाटे येऊन पाइप ठोकतोस होय रे?"

"नाना, मी पहाटे साडेचारला उठणारा असतो, तर मला याहून चांगली नोकरी नसती का लागली?"

नानाला हसू आलं. मग एकदम आठवून त्याने विचारलं, "ती मागच्या खोलीतली कुठे गेली रे?"

"कोण?"

"शिवणवाली."

पोराने फाईल उघडली, बोट फिरवलं. "सोळाच नावं आहेत. मागची खोली नकाशात नाही, नाना. ती गॅलरी आहे."

"गॅलरीत अकरा वर्षं शिवणमशीन चालत होतं."

"ते मालकाला माहीत. त्यांची सही आहे."

नानाने औषधवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी तिला सांगितलं होतं खोली सोड म्हणून. गेली असेल."

"असेल?"

"नाना, त्या दिवशी तीन ट्रक दारात. कोण कुणाला बघतंय?"

नानाने एकेकाला फोन केला. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, वरच्यांना विचारा. वरचे म्हणाले, तुमच्याच दारावरून गेली असेल ना, खाली तर तुम्ही राहता. ती दुसऱ्या मजल्यावरची फाजील बाई तर ठासून म्हणाली, "अहो, ती आमच्या आधीच गेली!"

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे... जाणार नाही तर काय करेल?"

"बरं, नाव काय तिचं?"

तिने फोन ठेवून दिला.

नाव एकालाही माहीत नव्हतं. नानालाही नाही. त्याने तरी कधी विचारलं होतं? तिचा एक ठोका, तिचे तीन ठोके. अकरा वर्षांत तेवढंच बोलणं. इतर बायका पाणी नाही आलं की पाइप फोडायला निघायच्या. ही दोनदा ठोकून वाट बघायची. परत ठोकायची नाही. आणि मंगळवारी तिने परत ठोकलं होतं.

तुम्ही काय एकमेकांना चिकटून बसलात? थंडी वाजते? बरं.

गुरुवार. पहाटे चार पस्तीस. जिन्याची लाइट बिल्डरने आधीच तोडलेली. नानाच्या हातात बॅटरी. पंप लावला.

टण. टण.

नानाचा हात व्हॉल्व्हवर गेला. विचार करून नाही. तीस वर्षांची सवय. वरचं माणूस पाणी मागतंय, खालचं देतंय. उघडला. तळहाताखाली पाइप गार पडला. पाणी चढलं.

आणि मग डोक्यात आलं. वर नळच नाही.

पाइपाचं तोंड उघडं. आता पाणी धो धो सांडणार. खोलीतून बाहेर, जिन्यावरून खाली. नाना जिन्याशी जाऊन उभा राहिला. बॅटरी वर धरली.

एक मिनिट. पाच मिनिटं.

थेंब नाही.

दहा मिनिटं.

पाणी जातंय. पाइप गारच. पण वर... कुठे जातंय?

टण.

टण.

टण.

भरलं. बंद करा.

नानाने पंप बंद केला. असली शांतता, की स्वतःचा श्वास दुसऱ्याचा वाटावा.

तो वर निघाला. पहिला मजला. दारं नाहीत, नुसती भोकं. दुसरा मजला. भिंतीवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन. तिसरा. औषधवाल्याचं घर ओलांडलं. मागे वळला.

"कोण आहे?"

...

"मी नाना. खालचा."

...

खोलीत बॅटरी मारली. धूळ. सगळीकडे सारखी धूळ. त्यात पाऊल कुणाचं नाही. पाइपाचं तोंड होतं, उघडं. नानाने बोट घालून बघितलं.

कोरडं.

तेवढ्यात मागे... टप.

तो वळला नाही.

टप.

वळला.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी. दोरीवर एक शर्ट. धुतलेला. निथळत होता. निळ्या रेघांचा, पुरुषाचा शर्ट.

नानाचा होता तो.

नऊ वर्षांपूर्वी कॉलर झिजली म्हणून त्याच्या बायकोने उलटवायला दिला होता शिवणवालीकडे. दिला, आणि त्याच आठवड्यात बायको दवाखान्यात गेली, ती घरी आलीच नाही. पुढे शर्टाची आठवण कुणाला? आणि शिवणवाली काही दारात येऊन सांगणाऱ्यातली नव्हती, "तुमचा शर्ट तयार आहे, घेऊन जा" म्हणून. ज्या घरात माणूस गेलंय, तिथे कसं जायचं, तेही तिला सुचलं नसेल.

कॉलर उलटवलेली होती, झिजलेली बाजू आत. टाके एकसारखे, मुंगीच्या पायाएवढे. शर्टातून पाणी गळत होतं. खालची धूळ मात्र कोरडीच.

नाना तिथेच बसला. उजाडेपर्यंत बसला. जाताना त्याने शर्ट काढून हातावर घेतला आणि रिकाम्या खोलीला म्हणाला, "घेऊन जातो. उशीर झाला मला."

आणि जिना उतरला.

शुक्रवारी सकाळी फाईलवाला आला. नाना म्हणाला, "सतरावी ओळ आख."

"नियमात बसत नाही, नाना."

"मग माझी सहीपण बसत नाही."

पोराने घड्याळ बघितलं, नानाकडे बघितलं, आणि गळ्यातल्या ओळखपत्राची कड धरून ओळ आखली. "नाव?"

नानाने मान वर करून छताकडे बघितलं. मग म्हणाला, "लिही. तिसरा मजला, मागची खोली, शिवणकाम."

"आणि सही?"

"जागा ठेव तिची."

मग नानाने आपली सही केली. पंधरा घरं वाचली. पुढच्या महिन्यात बिल्डिंग पाडली. नाना रोज जाऊन रस्त्यापलीकडे उभा राहायचा. मजुरांना विचारायचा, तिसऱ्या मजल्यावर काही सापडलं का? काही नाही. माणूस नाही, मशीन नाही, सुईसुद्धा नाही. ती जिवंत कुठे निघून गेली, की नाही गेली, देव जाणे. त्या ओळीतली जागा अजून मोकळी आहे म्हणतात.

नाना मुलीकडे गेला. जाण्याआधी एका दुपारी तो त्या फाजील बाईच्या भाड्याच्या घरी आला, हातात पिशवी. म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, आमच्या आधी गेली म्हणून? पाहिल्यासारखं? मग हा तुम्हीच सांभाळा. मुलीच्या घरी ओला कपडा कुठे वाळत घालू?"

पिशवीत तो शर्ट.

बाई हसली. नेहमीसारखी. म्हणाली, नाना, एवढासा शर्ट, उन्हात टाकते, तासात वाळेल.

सहा उन्हाळे झाले. दोनदा इस्त्री फिरवली तिने. बाकी शर्ट खडखडीत वाळला. कॉलर मात्र...

खोटं वाटतंय? वाटू दे की. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पण गॅलरीत जाऊन बघा. दोरीवर, टॉवेलच्या पलीकडे. तुम्हाला वाटलं माझ्या भाच्याचा आहे? निळ्या रेघा दिसतात का? हात लावायचा तर कॉलरलाच लावायचा.

कोण जातंय?

चष्मेवाल्या?

...

कुणीच नाही? बरं तर. पाण्याची बाटली मीच ओतली असेन त्याच्यावर संध्याकाळी, काय सांगावं. मी कसली फाजील बाई आहे, माहीत आहे तुम्हाला.

बसलात काय असे? उठा. मला आता जरा एकटीला बसू दे. जा, आपापल्या घरी जा.